मोकळ्या जागेचा जुळारी

उमाशंकर मुळे धारच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून उलटी अक्षरं लावायची, हेच आयुष्यभराचं काम. १९९६ मध्ये मालकानं कंप्युटर आणला, खिळे भंगारात गेले आणि उमाशंकर देवासला मुलाकडे राहायला आले. त्या यंत्राचं नावही ते घरात काढत नसत. सुनेला, विनोदिनीला, वाटे की मामंजींच्या मनात अढी बसली आहे.

विनोदिनी एका खाजगी इस्पितळाच्या रक्तपेढीत कामाला होती. रक्ताच्या पिशवीबरोबर जाणारी चिठ्ठी तिथला जुना प्रोग्राम छापील फॉर्मवर काढायचा. २००१ च्या मार्चात नवे फॉर्म आले आणि त्यांतल्या चौकटी सरकलेल्या निघाल्या. रक्तगट जाऊन पडे तारखेच्या घरात. प्रोग्राम लिहिणारा कधीच परदेशी गेला होता आणि ज्यात फेरफार करता आला असता ते त्याचं मूळ लिखाण कुणापाशीच नव्हतं. चिठ्ठ्या हातानं लिहिणं सुरू झालं. एका दुपारी घाईत विनोदिनीनं गटच चुकीचा लिहिला. सिस्टरनं तो पकडला. घरी आल्यावर तिनं सगळं मामंजींना सांगितलं.

"जुना आणि नवा, दोन्ही फॉर्म आण उद्या," मामंजी म्हणाले.

खिडकीशी बसून त्यांनी चौकटी किती सरकल्या त्याच्या कागदाच्या पट्टीवर खुणा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपणहून इस्पितळात आले.

तिथले कंप्युटर बघणारे मनन यांनी प्रोग्रामची फाइलच पडद्यावर उघडली. सगळा अगम्य पसारा. पण मध्येच फॉर्मच्या ओळी दिसत होत्या, थोड्या खुणा आणि लांबच लांब कोऱ्या जागा.

"काकासाब, सब ट्राय करके देख लिया. सहा स्पेस जोडल्या की प्रोग्राम उठतच नाही."

"जोडल्यास कशाला? ही ओळ कसलेली आहे, गच्च भरलेली. एक घालायचा, तर एक काढायचा."

उमाशंकरना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागले. "ह्या खुणेच्या उजवीकडे अकरा मोकळ्या आहेत. त्यांतल्या सहा उचल, डावीकडे लाव. ओळ होती तेवढीच राहू दे."

मननजींनी फाइलची नक्कल करून तसं केलं. प्रोग्राम उठला.

विनोदिनी बघतच राहिली. तिला जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे मामंजींना अकरा वस्तू दिसत होत्या. खिळ्यांच्या कामात मोकळी जागाही शिशाची असते, मोजून उचलावी लागते, हे तिला त्या दिवशी कळलं.

कोऱ्या कागदावर छापून तो नव्या फॉर्मवर धरला, उजेडात पाहिला. "एक मोकळी परत उजवीकडे दे." पुन्हा छापला. खाली सरकलेल्या चौकटीसाठी भरलेली ओळ आणि तिच्याखालची रिकामी ओळ यांची अदलाबदल केली. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांत रुंद गट कोणता?"

"एबी निगेटिव्ह."

"तो आधी छाप. तो बसला की बाकीचे बसतील."

तो चौकटीच्या मधोमध बसला. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी आठही गट छापून तपासले, तेव्हा दुपारचे तीन झाले होते. चारच्या सुमाराला सोनकच्छहून आलेल्या एका बाळंतिणीसाठी पिशवी गेली, छापील चिठ्ठीसकट. विनोदिनी स्वतः वॉर्डापर्यंत गेली. पुढे पाच वर्षं, नवा प्रोग्राम येईपर्यंत, तीच फाइल चालली.

ती परतली तेव्हा मामंजी अजून पडद्यासमोरच होते. मननजी फॉर्मच्या ओळींच्या अलीकडचा, पलीकडचा तो अगम्य पसारा सरकवत होते.

"हे सगळं कुणीतरी जुळवलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, काकासाब. एकाच माणसानं."

उमाशंकर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आणखी थोडं खाली ने."