देवीच्या डोहातल्या लाह्या

काल काकीबरोबर आमच्या गावच्या देवीच्या डोहावर गेलो होतो. इथे नवस फेडताना डोहात लाह्या टाकतात आणि देवीच्या माशांनी त्या खाल्ल्या, की नवस पोचला असं मानतात. काकीने ओंजळभर लाह्या टाकल्या. वरच्या खाणीतून आलेल्या तांबड्या पाण्यावर त्या पांढऱ्याशुभ्र तरंगत राहिल्या. एकही तोंड वर आलं नाही.

"देवी कोपली," काकी पुटपुटली.

मला हे अजिबात पटत नाही. यात देवीचा काय संबंध? खाणीचा गाळ माशांच्या कल्ल्यांत बसला, त्यांच्या अंड्यांवर चढला. या डोहात गळ टाकायचा नाही, हा नियम गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. खाणीनेही तो मोडला नाही. तिने गळ कधी टाकलाच नाही, फक्त पाणी सोडलं. आम्ही मासे राखत बसलो; पाणी राखायचं असतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

पण नदी इतक्यात हरत नाही. डोहाच्या कडेला पलीकडच्या डोंगरातला वहाळ येऊन मिळतो. तो डोंगर अजून कुणी खणलेला नाही, म्हणून त्याचं पाणी नितळ आहे. मी काकीला तिकडे नेलं. तिने उरलेल्या लाह्या टाकल्या. दगडाआडून बोटभर पिल्लं आली आणि बघता बघता एक लाही पाण्याखाली गेली.

काकीने वर डोंगराकडे बघून हात जोडले.

"आता ह्याची राखण करूक व्हयी," ती म्हणाली.