दोन डाव्या बाह्या

माझा मामा कोट शिवायचा आणि गल्लीत सगळे त्याला रडतराऊत म्हणायचे. नाव अगदी चपखल होतं. ऊन पडलं तर कापड विटणार, ढग आले तर सुईचं नेढं दिसणार नाही, गिऱ्हाईक आलं तर डोकं खाणार, नाही आलं तर दुकान बुडणार. मी तिथे काज-बटणं करायचे आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचे. ताईला, म्हणजे त्याच्या मुलीला, ते जमेना. तिनं कपड्यांच्या कारखान्यात नोकरी बघितली आणि त्याला सांगितलं, "बाबा, तुमच्या हाताखाली काम करायला आवडतं मला. पण तुमचं तोंड सोसवत नाही."

मामाच्या ते जिव्हारी लागलं. लेक गेली तर दुकानात राहणार काय? दुसऱ्या दिवसापासून त्यानं ठरवून चांगलं बोलायला सुरुवात केली. "आज उजेड बरा आहे," हे पहिलं वाक्य त्यानं कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून म्हटलं. आम्ही दोघी तोंड फिरवून हसलो. हे मनापासून आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, रडणं तरी कुठे मनापासून होतं, सवयच होती ती. पण हळूहळू त्याला उजेड खरंच दिसायला लागला. गिऱ्हाइकं दोन घटका टेकायला लागली. ताईनं मात्र कारखान्याचा विचार सोडला नव्हता.

कारखान्याला होकार कळवायच्या दिवशीच तिची चूक झाली. कापड कमी होतं, म्हणून घडी उलगडून तिनं बाह्या एकेक करून कापल्या, आणि दुसऱ्या वेळी कागदी नमुना पालथा करायला विसरली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. तिचा चेहराच उतरला.

मामानं बाह्या शेजारी शेजारी मांडल्या. त्याच्या ओठांवर आलेलं जुनं वाक्य मला स्पष्ट दिसलं. त्यानं ते गिळलं.

"पाठ काय सुरेख कापलीस," तो म्हणाला. "मला नसती जमली. बाहीचं बघू, मीही कापल्यात अशा."

दोघांनी उरलेले तुकडे जोडून उजवी बाही काढली आणि जोड काखेत लपवला.

संध्याकाळी ताईनं आपली कात्री पिशवीत भरली नाही, नेहमीच्या खिळ्याला अडकवली. खिळा ढिला झालाय, हे मामाच्या अगदी जिभेवर आलं असणार. तो काही बोलला नाही.