दादाची दाढी

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे मामा म्हणत. मामांचं एकच म्हणणं: खुर्चीत बसला की साहेब काय नि हमाल काय, टॉवेल सगळ्यांना सारखाच. त्यामुळे साथीच्या दिवसांत दुकानात शिरणाऱ्याचा लसीचा पास बघायचा हुकूम आला, तेव्हा मामांनी तोही सगळ्यांना सारखाच लावला. स्वतः तर त्यांनी पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून लस टोचून घेतली होती आणि दंड कसा ठणकतोय, हे आठवडाभर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगितलं होतं.

गाडी अडली ती दादापाशी. दादा म्हणजे थोरला भाऊ. त्यानंच मामांना हे काम शिकवलं, हात बसेपर्यंत कापून घ्यायला स्वतःचे गाल दिले. आता वयामुळे त्याची बोटं धड चालत नव्हती, म्हणून दर शनिवारी तो धाकट्याकडे दाढीला येई. लस घ्यायला मात्र काही केल्या तयार नव्हता.

"गळ्यावर वस्तरा फिरवू देतोस, मग सुईनं काय घोडं मारलंय तुझं?" मामा म्हणायचे.

"वस्तरा कोणाच्या हातात आहे ते मला ठाऊक असतं," दादा म्हणायचा. "आणि सुईचं मी ठरवीन. दंड माझा आहे, सरकारी नाही."

मामांना हे अजिबात पटत नसे. सत्तरी ओलांडलेला माणूस, छातीत कायम घरघर. याला काही झालं तर, हीच त्यांना धास्ती. तावातावानं भांडायचे ते त्यामुळेच.

त्या शनिवारी दुकान भरलेलं होतं. दार ढकलून दादा आत आला आणि मान वर न करताच मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पास दाखवा."

चार डोकी आरशातून बघायला लागली. "नाहीये माझ्याकडे," दादा म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. मामांनी कात्री तशीच चालू ठेवली. एवढ्या लोकांदेखत भावापुरता नियम वाकवायचा तरी कसा?

पुढच्या शनिवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग वहिनीचा निरोप आला. ह्यांनी आपल्या हातानं दाढी करायला घेतली, हनुवटी कापली आणि अर्ध्यावरच सोडून दिली. मामांनी भर दुपारी दुकानाला कुलूप लावलं, तोंडावर मास्क चढवला, पिशवीत सामान टाकलं आणि दादाचं दार वाजवलं.

दादानंच दार उघडलं. एक गाल साफ, दुसऱ्यावर पांढरं जंगल.

"पास आणलायस?"

मामांनी गडबडीनं खिशातून कागद काढला, घडी उलगडून पुढे धरला.

दादानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठेव खिशात, वेड्या. भावाकडे कोणी मागतं का?"

मामांचे डोळे भरून आले. खिडकी उघडून दादाला उजेडात बसवताना ते एवढंच म्हणू शकले, "मी मागितला होता, दादा."