खडूने आखलेलं वर्कशॉप

नवं मशीन कुठं बसवायचं हे विचारायला मी रशीदभाईंना फोन केला, तर उचलला त्यांच्या मुलाने. "काका, अब्बा पहाटे गेले..." एवढंच बोलला. विंचूरला दफन झालं, त्याला आता महिना होत आला. सातपूरच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमधले ते माझे भागीदार. ऑर्डरी मी आणायचो आणि कुठलं मशीन कुठं बसेल हे ते ठरवायचे. त्यात माझी लुडबुड त्यांना अजिबात खपत नसे.

त्यांची रीतच न्यारी होती. मशीन यायच्या आधी फरशीवर खडूने त्याची चौकट आखायची आणि सगळ्यांनी अख्खी सकाळ त्या रिकाम्या चौकटीत खोटं खोटं काम करायचं. नसलेला जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, उचलायचा, नसलेलं हँडल फिरवायचं, वळून तो पुढच्याच्या हातात द्यायचा. "भाऊ, लोखंड एकदा बसलं की बसलं. त्याच्या आधी माणसं हलवून बघू," म्हणायचे. शेजारचे गाळेवाले दारात येऊन विचारत, गणपतीचं नाटक बसवताय का? "हां, आणि हीरो मी हाय!" हे यांचं उत्तर. पण याच नाटकात कळलं, की ड्रिलवरच्या, चांदवडकडच्या सुनीताताई डावखुऱ्या आहेत आणि त्यांचा ट्रे आम्ही वर्षानुवर्षं उजवीकडे ठेवत आलो. "सांगायचं नाय का, बेटा?" रशीदभाई कळवळले. ताई म्हणाल्या, "कुनी इचारलंच नाय, चाचा."

या वेळी मात्र ते नाटक त्यांच्याविना करावं लागलं. मशीन बसलं नाही, तर मोठी ऑर्डर हातची जाणार होती. कसंही आखा, वीतभर जागा कमीच पडे. शेवटी सुनीताताईंनी रशीदभाईंच्या लेथमागच्या वाटेकडे बोट दाखवलं. ती वाट ऐसपैस होती, कारण रशीदभाईही ऐसपैस होते. "तिथली घ्या की, साहेब." माझ्या हातातला खडू पुढे सरकेना. ती जागा घेतली, की ते खरंच गेले असं होणार होतं... आणि ते मला नको होतं. "चाचा असते तर तुमच्यावर वरडले असते," ताई म्हणाल्या, "मशीन काय उन्हात ठेवता का म्हनून!"

मी रेघ ओढली. मशीन बरोब्बर बसलं, ऑर्डरही सुरू झाली. फक्त त्या वाटेने जाताना आता मलाच पोट आत ओढून तिरकं व्हावं लागतं. कामगार तोंड फिरवून हसतात. रशीदभाई खो खो हसले असते, या विचाराने मलाही हसू फुटतं, आणि काम नसतानाही मी तिकडूनच जातो.