कुलपातला कारवीचा मध

गेणूभाऊंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला निरोप धाडला, "बाई, लेख द्या, पण त्यात पिंपाचा विषय नको. आपलं गाव दारूबंदीचं." पिंप वगळून गेणूभाऊंवर लिहिणे मला जमणार नाही, आणि दुसऱ्या कोणी ते वगळून लिहिलेले मला चालणारही नाही. गावातली दारू बंद करणाऱ्या महिला मंडळाची मी अध्यक्ष आहे. तेव्हा पिंपाबद्दल मीच लिहिलेले बरे.

त्यांची माझी पहिली ओळख शाळेतली. अकोले तालुक्यातल्या या डोंगरी गावात मी विज्ञान शिकवायला आले, त्याच वर्षी प्रयोगशाळेच्या कपाटात मधमाश्यांनी बिऱ्हाड केले. शिपाई टेंभा पेटवून निघाला. तेवढ्यात गावात मधमाश्या पाळणारे गेणूभाऊ माश्यांची रिकामी पेटी घेऊन आले. त्यांनी त्याला टेंभा विझवायला लावला आणि पेटीची दुसरी बाजू धरायला लावली. माश्या पेटीत गेल्यावर मला म्हणाले, "बाई, कपाट रिकामं ठिवलं की कुनीतरी ऱ्हायला येनारच." दुसऱ्या दिवशी मी कपाट भरले. त्या पेटीतल्या मधाची बाटली हिवाळ्यात शाळेत आली, खोकणाऱ्या मुलांसाठी. ती अजून दर हिवाळ्यात येते.

आमच्या डोंगरावर कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी गेणूभाऊंच्या पेट्या दाट, तांबूस मधाने ओसंडतात. एकदम आलेला मध व्यापारी पडेल भावाने मागतात, आणि ठेवावा म्हटले तर पत्र्याचे डबे गंजतात. म्हणून मागच्या कारवीला त्यांनी श्रीगोंद्याच्या एका भंगारवाल्याकडून ओकच्या लाकडाचे पिंप आणले. त्यात पूर्वी व्हिस्की मुरत असे. परदेशात अशा पिंपात मध मुरवतात, हे त्यांनी मधपालनाच्या शिबिरात ऐकले होते. आम्हाला काही शोधून काढावे लागले नाही. टेम्पोतून पिंप उतरवतानाच त्यांनी पारावर सगळ्यांना सांगून टाकले.

गावातला गुत्ता बंद होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गुत्तेवाला पारावरच बसला होता. म्हणाला, "गेणूबाबाचं पिंप देवाचं, अन् माझी बाटली तेवढी भुताची व्हय?" पुरुष हसले. आम्ही बायका हसलो नाही. हा प्रश्न तो रोज विचारणार आणि त्याच्याच जोरावर एक दिवस गुत्ता पुन्हा उघडणार, हे आम्हाला दिसत होते.

पिंप आधी धुऊन घ्या, असा मंडळाने आग्रह धरला. आमच्या पार्वतीबाई तर भरलेली घागरच घेऊन आल्या. तिथे मला मध्ये पडावे लागले. लाकडात पाणी मुरले की मध आंबतो. धुतलेल्या पिंपातच दारू व्हायची भीती जास्त. पार्वतीबाईंनी घागर खाली ठेवली, पण विचारलेच, "मग आत मधच हाय, हे कोन सांगनार?"

उत्तर गेणूभाऊंनी दिले. पिंप त्यांनी शाळेच्या पटांगणात उन्हात उघडे ठेवले. ज्याला हुंगायचे त्याने हुंगावे. मग सगळ्यांसमोर मध भरला, पिंप घरामागच्या खोलीत नेले, कुलूप घातले आणि किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. "बाई, गावची दारू तुमी बंद केली. माझ्या मधापायी ती चालू व्हायला नगं. तुमीच उघडा, तुमीच लावा."

स्वतःचा मध पाहायला ते माझ्याकडे किल्ली मागायला येत. शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात थांबत. तास चालू असताना त्यांनी एकदाही हाक मारली नाही. गुत्तेवाल्यालाही आम्ही खोली उघडून दाखवली. बोटभर मध चाटून तो म्हणाला, "लई ग्वाड. ह्यानं काय चढनार?" त्यानंतर पारावर तो प्रश्न निघाला नाही. गुत्ता आजही बंद आहे.

मुरलेल्या मधाला भाजलेल्या खोबऱ्याचा आणि काकवीचा वास आला. नगरचा एक व्यापारी सगळाच्या सगळा न्यायला तयार होता. बाटलीवर फक्त 'जुन्या लाकडात मुरवलेला' एवढेच लिहा, म्हणाला. गेणूभाऊंनी त्याला चहा पाजून परत पाठवले. "वास येतोय, तर नाव घ्यायला काय झालं?" पुढे तोच व्यापारी पिंपाचे नाव छापून मध घेऊन गेला. देवळात पंचामृताला आणि शाळेत मुलांना मात्र पेटीतलाच मध जातो, आणि तेही ते बाटली देताना दर वेळी सांगतात.

जे त्यांनी भर पारावर सांगितले, ते त्यांच्याच गौरवग्रंथात आपण झाकायचे, हे आपल्याला शोभणार नाही. आमच्या दारूबंदीला या पिंपाने बाध आणला नाही, बळ दिले. मला त्याचा अभिमान आहे.

आमच्याकडची जुनी माणसे आयुष्य कारवीने मोजतात. गेणूभाऊंनी आणखी तीन कारव्या पाहाव्यात, आणि तिन्ही वेळा आपल्या पायांनी डोंगर चढून पाहाव्यात.

किल्ल्या समारंभापर्यंत ठेवून घेणे मला पटेना. आज सकाळी मंडळातर्फे त्यांच्या घरी जाऊन हाती दिले ते असे: शाल एक, नारळ एक, पिंपाच्या खोलीच्या किल्ल्या दोन. कुलपाबरोबर दोनच आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही आणून दिल्या होत्या.