दसऱ्याला मिळालेली चावी

ती गाडी मीच घ्यावी हे माझ्या मित्राने मला विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. गाडी लाल, दोन दारांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. एकदा चांगली ठोकलेली. विमा कंपनीने दुरुस्ती परवडत नाही म्हणून सोडून दिलेली. इकडे ऑस्ट्रेलियात अशा गाडीला रिपेअरेबल राइट-ऑफ म्हणतात. दुरुस्त करून तपासणीत पास झाली की पुन्हा रस्त्यावर आणता येते, पण तो शिक्का नोंदणीतून कधीच पुसला जात नाही. मित्र सांगत होता ती किंमत ऐकून कोणालाही मोह झाला असता. मलाही झाला. पंचेचाळिशीतल्या माणसाला लाल गाडीचा मोह होऊ नये असा काही कायदा नाही.

हा मित्र पुण्यात कॉलेजात होतो तेव्हापासूनचा. दोघंही नोकरीच्या मागे फिरत फिरत कॅनबेराला आलो आणि तिथल्या गुंगालिन उपनगरात एकमेकांपासून पाच मिनिटांवर घरं घेतली. मग त्याची बायको मुलीला घेऊन सिडनीला राहायला गेली, कायमची. काही महिन्यांत त्याचं सरकारी खात्यातलं कॉन्ट्रॅक्टही संपलं आणि पुढचं मिळेना. तो दिवसभर पडदे ओढून झोपून राहायला लागला. फोन उचलायचा नाही. मी डबा घेऊन गेलो की दार किलकिलं करून डबा आत घ्यायचा आणि थँक्स म्हणायचा. मला इतका राग यायचा. त्याच्यावर, त्याच्या बायकोवर आणि डबा देऊन परत फिरणाऱ्या माझ्यावर.

अशात एक दिवस त्याने लिलावातून ती चेपलेली गाडी आणली. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण कॅनबेराची अख्खी थंडी त्याने गॅरेजमध्ये काढली, पायाशी हीटर लावून, बोटं काळी करून. नवीन पार्ट आला की मला फोन करायचा. काहीतरी नीट बसलं की हसायचा. गाडी उभी राहत होती आणि तिच्याबरोबर तोही. म्हणून ती विकायची गोष्ट निघाली तेव्हा मी पेचात पडलो. गाडीला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या हातांवर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. तो परत आडवा पडला असता. आणि हो म्हटलं तर त्या गाडीत माझी मुलगी बसणार होती, जी नुकतीच शिकाऊ चालकाची एल प्लेट लावून माझा जीव टांगणीला लावत होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी पुणेरी माणसाला शोभेल असा उपाय काढला. विषयच टाळला. पण दसरा आला.

दसऱ्याला आमच्या ड्राइव्हवेमध्ये ओळखीच्या सात-आठ कुटुंबांच्या गाड्या पूजेला लागतात. इथे आपट्याचं झाड कुठलं, म्हणून बागेतल्या एका झुडपाची पानं आम्ही सोनं म्हणून वाटतो. त्या दिवशी तो लाल गाडी घेऊन आला. धुतलेली, चकाकणारी. माझ्या बायकोने तिच्यावरही कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. मग सगळ्यांसमोर त्याने माझ्या हातात पान ठेवलं आणि पानाखाली गाडीची चावी.

"सोनं घे," तो म्हणाला. "पैशांचं आपण नंतर बघू."

दसऱ्याचं सोनं कोणी परत करतं का? लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी पार्टी मागितली. मी मूठ मिटली आणि हसलो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते मला लहानपणापासून पाठ आहे, आचरणात कधी आलं नाही. सगळे गेल्यावर मुलीने एकच प्रश्न विचारला, "बट इज इट सेफ, बाबा?" बायको निर्माल्य गोळा करता करता म्हणाली, "घे की. शोकेसमध्ये ठेव, आणि रोज पूजा कर."

पुढच्या आठवड्यात मी मित्राला न सांगता गाडी एका वर्कशॉपमध्ये तपासायला नेली. न सांगता नेणं मला खटकत होतं, पण सांगण्याची हिंमत नव्हती. त्यांनी गाडी वर उचलून दाखवली. काम मन लावून केलंय, ते म्हणाले, तपासणीत पासही झालीय, पण पुढचा सांगाडा पूर्ण सरळ झालेला नाही. हळू चालवा, गल्लीत चालवा, हायवेला वेगात नेऊ नका. स्पोर्ट्स कार आणि गल्लीत. मग दोन विमा कंपन्यांना फोन केले. दोन्हींनी शिक्क्याचं ऐकूनच नकार दिला. झालं, ठरलं. नाही म्हणायचं होतं. मी दोन दिवस आंघोळ करताना वाक्यं जुळवत होतो.

रविवारी दुपारी त्याच्याकडे गाडी घेऊन गेलो. त्याने चहा केला. मी जुळवलेली वाक्यं म्हणायला घेतली आणि मध्येच अडकलो. मग सरळच सांगितलं. न सांगता तपासून आणली, सांगाडा वाकडा आहे, विमा मिळत नाही, मला ही गाडी घेता येणार नाही. चावी टेबलावर ठेवली. तो भडकेल किंवा गप्प होईल, या दोन्हीची तयारी करून गेलो होतो.

तो म्हणाला, "मला माहितीये सांगाडा वाकडा आहे. मीच बसवलाय ना."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मग माझ्या गळ्यात का मारत होतास, माझी पोरगी त्यात बसणार होती, असं बरंच काही मी बोललो. आवाज चढला माझा. तो कपाकडे बघत ऐकत राहिला. मी थांबल्यावर उठून ड्रॉवरमधून दुसरी चावी घेऊन आला आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

"गाडी घेऊ नकोस," तो म्हणाला. "चालवूही नकोस. फक्त इथून ने."

हळूहळू त्याने सांगितलं. गाडी पूर्ण झाल्यावर करायला काही उरलं नाही. दिवस परत तसेच झाले. एकदा तो तिला घेऊन एकटाच शहराबाहेर, लेक जॉर्ज तलावाच्या बाजूला गेला. रस्ता मोकळा होता. एका वळणाशी त्याच्या मनात आलं की आता वळायचंच नाही.

आमच्या लोकांत असल्या गोष्टी कोणी विचारत नाही. जेवलास का, झोप लागते का, इथवरच आमची धाव. 

"मरायचं होतं तुला?" मी विचारलं.

"त्या दिवशी, हो."

"आणि आज?"

"आज नाही. म्हणूनच देऊन टाकतोय ना." मग म्हणाला, "ऑनलाइन टाकली तर माणसं येणार, त्यांना ट्रायल द्यायला मला परत त्यात बसावं लागणार. तू नुसती घेऊन जाशील असं वाटलं."

इतके दिवस मी माझ्या नकाराचं ओझं वाहत होतो. माझ्या नाही म्हणण्याने तो कोसळेल, अशी माझी समजूत. आणि तो मात्र जिवाच्या आकांताने एक वस्तू स्वतःपासून लांब ढकलत होता, ती पण अशी की कोणाला कळू नये, सणाचं निमित्त करून, पानाखाली लपवून. मला रडू आलं. त्याच्यासमोरच आलं. तो मलाच पाणी आणून देत होता.

उद्या सकाळी डॉक्टरकडे, आमच्या जीपीकडे जायचं, मी रजा टाकतो, असं मी म्हणालो. तो हो म्हणाला. आज माझ्याकडे राहायचं, म्हणालो. त्यालाही हो म्हणाला. बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती शोकेसबद्दल काही बोलली नाही, वरण-भात टाकते म्हणाली.

गाडीचं काय करायचं ते नंतर बघता आलं असतं, पण ती त्या घरात ठेवायची नाही एवढं आम्हा दोघांनाही पक्कं होतं. आतल्या रस्त्यांनी हळू नेऊ, मी म्हणालो. दोन्ही चाव्या मी घेतल्या. तो शेजारी बसला, मांडीवर कपड्यांची पिशवी. त्याने बेल्ट लावला. मी हात लांब करून तो नीट बसलाय का ते ओढून पाहिलं. त्याने मला पाहू दिलं.