चपलेतला सेन्सर गप्प का होता?

मित्रांनो, मधुमेहामुळे माझ्या बाबांच्या तळपायांना काही लागलेलं कळत नाही. म्हणून दवाखान्यातून चपलेत बसवायचा मऊ, स्पंजासारखा सेन्सर मिळालाय. पायावर जास्त दाब आला की मोबाइलवर इशारा येतो.

आज सकाळपासून मी सारखा मोबाइल पाहत होतो. इशारा नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजलो.

दुपारी शेतात गेलो. चप्पल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होती आणि बाबा तुरीच्या खळ्यात अनवाणी. टाचेत काडी रुतलेली.

"बाबा, चप्पल काहून काढली?"

"खळ्यात लक्ष्मी असते. चप्पल घालून जाऊ काय, येड्या?"

"रक्त येऊन राह्यलं!"

त्यांनी वाकून पाहिलं. चेहरा उतरला. "मले तं समजलंच नाही रे."

खळ्याचा मान राखून त्यांचा पाय कसा वाचवू, तुम्हीच सांगा.